सरासरीचा पाऊस

दरसाल आश्विन संपत आला म्हणजे वर्तमानपत्रांतून एक ठराविक बातमी येते. "यंदाचा पावसाळा सरासरीइतका झाला," किंवा "सरासरीच्या इतके टक्के झाला," एवढाच तिचा मतलब असतो. ती वाचून आम्हां शहरवासी सुशिक्षितांच्या मनाला एक प्रकारचें समाधान होतें. धरणें भरलीं, उन्हाळ्यांत नळाला पाणी येईल, धान्य फारसें महागणार नाहीं, असा हिशेब मनाशीं करून आपण पान उलटतों. पुढच्याच पानावर मराठवाड्यांतील किंवा माणदेशांतील शेतकऱ्यांच्या मोर्च्याची हकीकत असते. ती वाचतांना कपाळाला आठी पडते आणि तोंडांतून उद्गार निघतो, "पाऊस तर सरासरीइतका झाला, आतां यांना आणखी काय पाहिजे?"

हा उद्गार मीं शेकडों वेळां ऐकला आहे. प्राध्यापकांच्या खोलींत ऐकला आहे, लग्नाच्या पंक्तींत ऐकला आहे, आगगाडीच्या डब्यांत ऐकला आहे. आणि सांगावयास लाज वाटते, परंतु मीं स्वतः तो काढलाही आहे. प्रस्तुत लेख या उद्गाराविरुद्ध आहे. माझें म्हणणें थोडक्यांत असें कीं, शेतीच्या बाबतींत 'सरासरी पाऊस' ही कल्पना निरुपयोगीच नव्हे, तर अनर्थकारक होऊन बसली आहे. ती पावसाचें वर्णन करीत नाहीं; ती पावसाला झांकून टाकते; आणि त्या झांकलेल्या पावसाच्या जोरावर आपण शेतकऱ्याला खोटा ठरवीत असतों.

हें मीं म्हणावें यांत थोडी विसंगति आहे खरी. सरासरी हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. गेलीं अठ्ठावीस वर्षें मी महाविद्यालयांत गणित व संख्याशास्त्र शिकवीत आहें, आणि माझ्या हाताखालून गेलेल्या विद्यार्थ्यांनीं ज्या सरासऱ्या काढल्या त्यांची गणति करणें कठीण आहे. आपल्या अन्नदात्या शास्त्राशीं हा मनुष्य बेइमानी करीत आहे, असें कोणास वाटल्यास त्यानें लेख शेवटपर्यंत वाचावा, एवढीच विनंति.

प्रथम माझ्या स्वतःच्या अपराधाची हकीकत सांगतों. आमचें मूळ गांव सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील दुष्काळी पट्ट्यांत आहे. माझे थोरले चुलतबंधु तेथें शेती पाहतात. दिवाळीस ते पुण्यास आमच्याकडे येतात, आणि येतांना घरच्या बाजरीचें एक पोतें घेऊन येतात, असा आमच्या घरचा कित्येक वर्षांचा परिपाठ आहे. कांहीं वर्षांपूर्वीं ते रिकाम्या हातानें आले. माझ्या मुलांनीं पोत्याची चौकशी केली, तेव्हां ते नुसते हंसले. रात्रीं जेवतांना मीं आपली विद्वत्ता पाजळली. म्हटलें, "दादा, यंदां सबंध देशांत पाऊस सरासरीच्या वर झाला. तुमच्याच बाजूला असें कसें झालें?" दादांनीं हातांतला घास खालीं ठेवला. म्हणाले, "तुझ्या त्या सरासरीला एकदां आमच्या रानाची वाट दाखव बाबा. ती काही अजून आमच्याकडे आलेली नाही."

मागाहून सगळी हकीकत कळली. त्यांनीं पिकाचा विमा उतरविला होता. तो नाकारला गेला होता. महसूल मंडळाचा पर्जन्यमापक ज्या गांवीं आहे, तें गांव दादांच्या शेतापासून तीन कोसांवर, डोंगराच्या पलीकडे. त्या गांवावरून दोन चांगल्या सरी गेल्या होत्या. मंडळांत पंधरावीस गांवें, मापक एक, त्यामुळें त्या दोन सरी पंधरावीस गांवांच्या नांवें जमा झाल्या. "कागदावर आमचं रान भिजलं होतं," दादा म्हणाले, "आम्हांला तेवढं कळलं नाही."

उत्तर हिंदुस्थानांत एका हिशेबनिसाची गोष्ट सांगतात. त्यानें नदीची खोली ठिकठिकाणीं मोजली, सरासरी काढली, ती आपल्या मुलांच्या उंचीहून कमी भरली, आणि त्यानें मुलांना नदींत घातलें. मुलें बुडाल्यावर त्यानें हिशेब पुन्हां तपासला. हिशेबांत चूक नव्हती. या गोष्टीला आपण हंसतों. परंतु दरसालच्या 'सरासरीइतक्या' पावसाची बातमी वाचून समाधान पावणारे आपण त्या हिशेबनिसाहून शहाणे आहों काय?

पावसाची सरासरी म्हटली म्हणजे तिच्या पोटांत दोन निरनिराळ्या सरासऱ्या असतात. एक स्थलाची आणि एक कालाची. प्रत्येक सरासरी कांहीं तरी पुसून टाकते. पहिली कोठें पडला तें पुसते, दुसरी केव्हां पडला तें पुसते. आणि शेतकऱ्याला या दोनच गोष्टींशीं कर्तव्य असतें.

स्थलाची सरासरी घ्या. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत देशांत पडणारा पाऊस सरासरीनें ८७ सेंटिमीटर मानितात. १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांच्या नोंदींवरून हा आंकडा काढलेला आहे. यांत मेघालयांतलें मौसिनराम आहे आणि राजस्थानांतलें जैसलमेरही आहे. परंतु इतकें दूर जाण्याचें कारण नाहीं. एकट्या सातारा जिल्ह्यांत पाहा. समुद्रावरून येणारे ओले वारे सह्याद्रीला अडून वर चढतात, थंड होतात आणि आपलें पाणी घाटमाथ्यावर टाकून मोकळे होतात; पलीकडे उतरतांना ते कोरडे झालेले असतात. त्यामुळें महाबळेश्वरास वर्षाकाठीं साडेपांच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस होतो, तर तेथून सरळ रेषेंत शंभर किलोमीटरही न भरणाऱ्या अंतरावर, माण तालुक्यांत, पांचशें मिलिमीटर पडले तर लोक वर्ष बरें गेलें म्हणतात. दोहोंची सरासरी तीन हजार. हा तीन हजारांचा पाऊस महाबळेश्वरचाही नव्हे आणि माणचाही नव्हे. तो माझ्या फळ्यावर पडतो, दुसरीकडे कोठेंही पडत नाहीं.

कालाची सरासरी याहून घातक, कारण ती अधिक साळसूद दिसते. २०१९ सालचे महिनावार आंकडे देतों. त्या सालीं देशांत जूनचा पाऊस नेहमीच्या दोनतृतीयांश झाला. जुलै बेताचा गेला. ऑगस्टांत तो नेहमीच्या ११५ टक्के व सप्टेंबरांत १५२ टक्के झाला. वर्षाचा निकाल : सरासरीच्या ११० टक्के, म्हणजे दहा टक्के अधिकच. जूनमध्यें महाराष्ट्रांत पेरण्या खोळंबल्या होत्या. ऑगस्टांत सांगली-कोल्हापुरास महापूर आला. मोसमी पाऊस संपला असें म्हणावयाच्या वेळीं अवकाळी पावसानें काढणीस आलेलीं पिकें कुजविलीं. यांतली प्रत्येक गोष्ट शेतकऱ्याला बुडविणारी होती. बेरीज मात्र उत्तम आली! २०२३ सालीं उलट प्रकार झाला. जुलै आणि सप्टेंबर नेहमीहून अधिक ओले गेले, आणि मध्यें ऑगस्ट असा कोरडा गेला कीं, १९०१ पासूनच्या नोंदींत देशानें इतका कोरडा ऑगस्ट पाहिला नव्हता. सबंध पावसाळ्याची तूट किती, तर सहा टक्के. कोणी म्हणेल, शंभरांत सहा म्हणजे कांहींच नव्हे. परंतु त्याच वर्षीं ऑक्टोबर अखेर महाराष्ट्र सरकारला चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर करावा लागला. २०२५ सालीं देशाचा पाऊस सरासरीच्या १०८ टक्के झाला. त्याच वर्षींच्या सप्टेंबरांत मराठवाड्यांत आणि सीना नदीच्या कांठीं उभीं पिकें पाण्याखालीं गेलीं, आणि कित्येक ठिकाणीं पिकाबरोबर खालची मातीही गेली.

येथें परिभाषेचीही एक मौज सांगण्यासारखी आहे. देशाचा पाऊस सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के असला म्हणजे तो 'सामान्य' ही व्याख्या एक वेळ समजूं शकते. परंतु विभागाच्या किंवा जिल्ह्याच्या बाबतींत एकोणीस टक्के कमी येथपासून एकोणीस टक्के जास्त येथपर्यंतचा सगळाच पाऊस 'सामान्य' होय. ज्या विभागांत मुळांत सहाशें मिलिमीटर पडावयाचे, तेथें शंभराहून अधिक मिलिमीटर गळाले तरी पाऊस सामान्यच! शास्त्रज्ञांच्या कोष्टकांत या शब्दाला कांहीं अर्थ असेल. पण कोष्टकांतून तो वर्तमानपत्रांत उतरला म्हणजे 'सर्व कुशल आहे' असा त्याचा अर्थ होतो.

वस्तुतः पीक वर्षाअखेर बेरीज करून पाणी पीत नाहीं. त्याला ठरल्या वेळीं पाणी लागतें आणि ठरल्या वेळीं उघाडही लागते. पहिल्या चांगल्या पावसानंतर जमिनीला वाफसा यावा लागतो, तेव्हां तिफण चालते. पेरलेलें उगवून येतें तों पुन्हां एक सर पाहिजे. ती आली नाहीं तर कोंब करपतात, आणि दुबार पेरणीसाठीं बियाण्याचा व मजुरीचा खर्च दुसऱ्यांदा करावा लागतो. पुढें खुरपणी-कोळपणीसाठीं उघाड पाहिजे. सोयाबीनला फूल येऊन शेंगा भरूं लागतात, त्या वेळीं तीन आठवडे पाऊस दडला तर शेंगा पोंचट राहतात. मागाहून कितीही पाऊस आला तरी पोंचट शेंग भरत नाहीं. आणि तेंच पीक कापून रानांत पडलें असतां आठ दिवस झड लागली, तर शेंगांतल्या शेंगांत दाण्याला मोड येतात. सोलापूर-मंगळवेढ्याकडची शाळू तर पावसाळ्यांत जमिनींत मुरलेल्या ओलीवर हिवाळ्यांत वाढणारी; तिचें नशीब सप्टेंबरच्या पावसावर लिहिलेलें असतें. जुलैचा पाऊस तिच्या कामीं फारसा येत नाहीं.

एक साधें उदाहरण मी वर्गांत घालतों. समजा, दोन गांवें आहेत. एका गांवीं चाळीस दिवस रोज साडेबारा मिलिमीटर पाऊस पडला. दुसऱ्या गांवीं पांचच दिवस, पण रोज शंभर मिलिमीटर पडला. दोन्ही गांवांचा पाऊस पांचशें मिलिमीटर. पहिल्या गांवांत तो मुरला, विहिरींना पाझर फुटले, पीक आलें. दुसऱ्या गांवांत तो बांध फोडून, माती घेऊन ओढ्याला गेला. विद्यार्थी उत्तर देतात, "सरासरी सारखीच आहे, सर." उत्तर बरोबर असतें, आणि मला गुण द्यावे लागतात.

आमच्या अशिक्षित म्हणविल्या जाणाऱ्या शेतकऱ्याची भाषा याबाबतींत आमच्या भाषेहून किती तरी अधिक शास्त्रीय आहे. तो पावसाला एका नांवानें ओळखीत नाहीं. मृगापासून हस्तापर्यंत तेरा-चौदा दिवसांचा एकेक हप्ता पाडून तो प्रत्येकाचा हिशेब निराळा ठेवितो. पुनर्वसूचा पाऊस तरणा, पुष्याचा म्हातारा. मघांचा सासूंचा, पूर्वांचा सुनांचा. हस्ताचा पाऊस तर आपल्या घरांतल्या मुलींनाही ठाऊक आहे. पाटावर हत्ती काढून त्याच्याभोवतीं त्या भोंडल्याचा फेर धरितात तो या नक्षत्राच्या नांवानें. या नांवांत पाऊस किती पडला हें नाहीं. केव्हां पडला हें आहे. शेतीला जो प्रश्न महत्त्वाचा, तोच या भाषेनें नेमका पकडला आहे.

याचा अर्थ मी पंचांगाची वकिली करीत आहें असा मात्र कोणी करूं नये. नक्षत्राचें वाहन बेडूक असलें म्हणजे पाऊस चांगला आणि उंदीर असलें म्हणजे बेताचा, या ठोकताळ्यांवर माझा काडीइतका विश्वास नाहीं. तारांगणाचें वर्ष ऋतूंच्या वर्षाहून वीसएक मिनिटांनीं मोठें असल्यामुळें दर सत्तर-बहात्तर वर्षांनीं सूर्याचें नक्षत्र ऋतूच्या एक दिवस मागें पडत जातें, हेंही खरें. भविष्य सांगण्याच्या कामीं नक्षत्रें पांगळीं आहेत. झालेल्या पावसाची नोंद ठेवण्याची रीत म्हणून मात्र तीं आपल्या चारमाही सरासरीहून शतपट सरस आहेत, इतकेंच माझें म्हणणें.

आतां कोणी म्हणेल, हें सर्व पूर्वींही होतेंच. पाऊस लहरी आहे ही कांहीं नवी बातमी नव्हे. मग आजच हा आरडाओरडा कां? आज याचें कारण विशेष आहे. पृथ्वीची हवा तापत चालली आहे, आणि हवा एक अंशानें तापली कीं, तिची बाष्प धारण करण्याची शक्ति सुमारें सात टक्क्यांनीं वाढते. अशी हवा पुष्कळ वेळ पाणी धरून ठेविते आणि सोडते तेव्हां एकदम सोडते. भूपेंद्रनाथ गोस्वामी व त्यांचे सहकारी यांनीं २००६ सालीं मध्य भारतांतील १९५१ ते २००० पर्यंतच्या रोजच्या पावसाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत असें आढळलें कीं, मुसळधार पावसाचे प्रसंग वाढत आहेत आणि मध्यम पावसाचे प्रसंग कमी होत आहेत. पुढें २०१७ सालीं पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेंतील रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें कीं, १९५० ते २०१५ या काळांत मध्य भारतावर दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनें वाढल्या आहेत.

पहिल्या अभ्यासांतली सर्वांत भयंकर गोष्ट अशी कीं, या सर्व उलथापालथींत पावसाची सरासरी फारशी हललीच नाहीं. वाढ आणि घट यांनीं एकमेकांस खाऊन टाकिलें. म्हणजे जो शेताला उपयोगी पडणारा, मुरणारा, मध्यम पाऊस तो ओसरत आहे, आणि जो माती धुऊन नेणारा पाऊस तो त्याची जागा घेत आहे. आणि आपलें आवडतें यंत्र, तें सरासरीचें यंत्र, 'सर्व पूर्ववत् आहे' असें दाखवीत स्वस्थ उभें आहे! ज्या काळांत पाऊस आंतून बदलत आहे, त्याच काळांत आपण तो बाहेरून मोजीत आहों. पूर्वीं सरासरीवर विसंबणें ही गैरसमजूत होती. आज ती आंधळेपणाच्या पंक्तीला जाऊन बसली आहे.

या म्हणण्यावर जे आक्षेप येतील त्यांचा आतां विचार करूं.

पहिला आक्षेप असा कीं, मोठ्या देशाचा कारभार सरासरीवांचून चालणार कसा? हवामान-खात्यानें काय लाखों शेतांचे लाखों आंकडे छापावे? या खात्याविषयीं मला आदरच आहे. १८७५ सालीं तें स्थापन झालें. पुढच्याच वर्षीं दख्खनेंत आणि मद्रास इलाख्यांत जो महादुष्काळ पडला, त्याची धग त्याच्या बाळपणालाच लागली. १८८६ पासून ब्लॅनफर्ड यांनीं मोसमी पावसाचें भाकित करण्याची रीत घातली. १९२८ सालीं खात्याचें मुख्य ठाणें सिमल्याहून पुण्यास आलें. पुढें तें दिल्लीस गेलें तरी पुणेकर त्या चौकाला अजून 'सिमला ऑफिस'च म्हणतात. या खात्याजवळ रोजच्या रोजचा, ठाण्याठाण्याचा पाऊस नोंदलेला आहे. अडीच मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झाला तर तो 'पावसाचा दिवस', अशी त्याची व्याख्या आहे, आणि अशा दिवसांची मोजदादही तें ठेवितें. २०१६ च्या केंद्रीय दुष्काळ-संहितेंत तर पावसाच्या खंडालाही स्थान दिलेलें आहे. तेव्हां माहिती नाहीं ही सबब खरी नव्हे. माहितीचा डोंगर आहे. आपण त्यावरचा एकच खडा उचलून खिशांत घालतों. दोष मोजणाऱ्याचा नाहीं, वाचणाऱ्याचा आहे. आणि त्याहून अधिक, त्या मोजमापावरून पैसे देणाऱ्याचा आहे.

कारण, सरासरीची ही बुद्धि कचेऱ्यांतही शिरली आहे. चोवीस तासांत मंडळाच्या मापकांत ६५ मिलिमीटर पाऊस भरला तर अतिवृष्टि, असा आपल्याकडे दंडक आहे. म्हणजे ओळीनें चार दिवस साठ-साठ मिलिमीटर पडून रानाचें तळें झालें तरी या मापानें अतिवृष्टि नव्हे. आणि मापकाच्या डोक्यावर एक ढग फुटला तर पलीकडचें कोरडें गांवही अतिवृष्टींत मोडतें. कांठावरची रेघ कोठें तरी ओढावी लागते हें मला मान्य आहे. परंतु जो मनुष्य रेघेच्या पलीकडे पडला, त्याला 'तुझें नुकसान झालेंच नाहीं' असें सांगण्याचा अधिकार रेघ ओढणाऱ्याला मिळत नाहीं.

दुसरा आक्षेप उघड बोलला जात नाहीं, पण मनांत असतो : शेतकरी नेहमींच रडतो. कांहीं शेतकरी खोटें बोलतात, हें मी नाकारीत नाहीं. परंतु प्राप्तीवरील कराचें पत्रक भरतांना आपण सुशिक्षित मंडळी हरिश्चंद्राचे अवतार असतों काय? आपल्यांतल्या कांहींच्या लबाडीमुळें सर्वांचा पगार सरासरीनें कापावा, असें म्हणावयास आपण तयार आहों काय? महिनाअखेर आपल्या हातीं ठरलेली रक्कम पडते. तीच वर्षाची रक्कम कोणी आपणांस एका पहाटे पुरांत सोडून दिली, किंवा मुलांच्या परीक्षेची फी भरून गेल्यावर तीन महिन्यांनीं दिली, आणि वर म्हटलें कीं, "बेरीज तर बरोबर आहे," तर आपण काय म्हणूं याचा विचार प्रत्येकानें आपल्याशीं करावा.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. शेतकऱ्याचें खरें दुखणें कर्ज आणि बाजारभाव हें आहे, पाऊस नव्हे, असें कित्येक अभ्यासक म्हणतात. यांत तथ्यांश पुष्कळ आहे. परंतु महाराष्ट्रांतली बहुतेक शेती अद्याप आभाळाकडे डोळे लावून बसलेली आहे, आणि कर्जाचें खातें पुष्कळदां दुबार पेरणीच्या दिवशींच उघडतें. दोन दुखणीं एकमेकांत गुंतलेलीं आहेत. एकाचें नांव घेऊन दुसरें नाकारण्यांत अर्थ नाहीं.

मग करावें काय? माझ्या मागण्या मोठ्या नाहींत. वर्तमानपत्रांनीं पावसाची टक्केवारी छापतांना तिच्या शेजारीं आणखी तीन आंकडे छापावे : पावसाचे दिवस किती, सर्वांत मोठा खंड किती दिवसांचा, आणि एका दिवसांतला सर्वांत मोठा पाऊस किती, आणि हे आंकडे तालुकावार द्यावे. चार ओळींची जागा पुरेल. विम्याचा व मदतीचा निवाडा मंडळाच्या मापकावर न ठेवितां गांवोगांवीं मापक बसवून त्यावर ठेवावा. एका पर्जन्यमापकाला लागणारा खर्च गांवच्या जत्रेच्या मंडपाहून अधिक नाहीं. आणि आम्हीं शिक्षकांनीं, सरासरी शिकवितों त्याच तासाला विद्यार्थ्यांना हेंही शिकवावें कीं, जी सरासरी आपल्याबरोबर आपला विस्तार सांगत नाहीं, ती अर्धें सत्य सांगते; आणि अर्ध्या सत्यावर जेव्हां एखाद्याची भाकरी अवलंबून असते, तेव्हां तें पूर्ण असत्याइतकेंच वाईट.

राहतां राहिलें आपलें, म्हणजे तुमचें आणि माझें, घरगुती बोलणें. त्यासाठीं कायदा लागत नाहीं, खर्च लागत नाहीं. गांवाकडून कोणी आप्त दिवाळीस आला, तर "यंदां पाऊस किती झाला?" हा प्रश्न आपण टाकून द्यावा. तो आंकडा त्याच्यापेक्षां आपल्यालाच अधिक ठाऊक असतो, आणि त्याला त्याचा उपयोग नसतो. त्या ऐवजीं विचारावें, "पाऊस केव्हां झाला? पेरल्यावर किती दिवसांनीं आला? मध्यें किती दिवस दडला?" आणि मग तो जें सांगेल तें खालीं मान घालून ऐकून घ्यावें. माझ्या ताटासमोर दादांनीं खालीं ठेवलेला तो घास मीं पाहिला आहे. त्या वेळीं मीं हे प्रश्न विचारले नव्हते. आतां विचारीत असतों.